जागा नंतर बघा, आधी चूल शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नागपूरचे सात चित्रकार. रामटेक तालुक्यातल्या एका गावाबाहेर, तलावाच्या अंगाला दोन एकर जागा ठेक्याने घेतली. दोन खोल्या आणि एक टिनाचं शेड उभं केलं आणि डिसेंबरात पहिलं शिबिर भरवलं. तिसऱ्याच दिवशी गावकऱ्यांनी घाटावर अडवलं, कारण तुमच्यातल्या कोणीतरी कपडे धुणाऱ्या बायांचे मोबाइलवर फोटो काढले होते. सरपंचांनी बोलावून घेतलं, तुम्ही माफी मागितली. पण तेव्हापासून गावात कोणी धड बोलत नाही. पुढचं शिबिर घ्यावं की गाशा गुंडाळावा, आणि घ्यायचंच तर गावाशी नातं कसं सांभाळावं, असं तुम्ही विचारता.

गाशा गुंडाळू नका. मात्र फोटोंमुळे सगळं बिनसलं, असं जे तुम्ही धरून चालला आहात ते मला पटत नाही. तुमच्या पत्रात मधेच एक वाक्य आहे, तुम्ही ते सहज लिहून गेलात: 'गावावर भार नको म्हणून जेवणासाठी नागपूरहूनच केटरर नेला होता.' म्हणजे पंचवीस माणसं पाच दिवस गावाला लागून राहिली आणि गावातल्या एकाही चुलीवरचं जेवली नाहीत. मग घाटावर आवाज चढले तेव्हा 'थांबा गा, आपल्याकडं जेवतात ते लोक, मी बोलते त्यांच्याशी' असं म्हणणारं गावात कोणी नव्हतं. फोटो तर आमच्याकडेही एकाने काढले होते, तिसऱ्या वर्षी. ते प्रकरण अर्ध्या तासात मिटलं, आणि ते मी मिटवलं नाही.

मी नागपुरात कलाशिक्षिका होते. कुही तालुक्यातल्या एका गावात अकरा हिवाळे चित्रकारांचा मुक्काम चालवला. पहिल्या वर्षी मीही तुमच्यासारखाच शहाणपणा केला होता. नागपूरच्या महाल भागातून आचारी नेला होता. तो झणझणीत सावजी करायचा, मंडळी खूश असायची. गावातल्या बाया मात्र लांबून धूर पाहायच्या. दुसऱ्या वर्षी आचारी ऐन वेळी आला नाही म्हणून नाइलाजाने गावातल्या एका म्हाताऱ्या विधवेच्या घरी जेवणाची सोय लावली. तिची सून, पुतणी आणि शेजारीण अशा तिघी-चौघी मिळून करायच्या. दूध एका घरचं, वांगी दुसऱ्या घरची, सरपण तिसऱ्याकडून, पाणी आणायला चौथ्याचा पोरगा. तांदूळ तर गावचाच. पाच दिवसांत आमचा पैसा नऊ-दहा घरांत फिरला. खरा फायदा मात्र पैशाच्या पलीकडचा होता. कोणत्या विहिरीवर आपण जायचं नाही, कोणत्या झाडाखाली देवीचं ठाणं आहे, कोणत्या दोन घरांचं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण चालू आहे आणि म्हणून त्या धुऱ्यावर स्टूल टाकून बसायचं नाही, हे सगळं आम्हाला भात वाढता वाढता कळलं. शिवाय रात्री आम्ही झोपल्यावर गावात आमच्याबद्दल जे बोललं जायचं, त्यात आमची बाजू मांडणारी ती म्हातारी होती.

तुमच्यासारख्या वसाहतींना दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातल्या टिकलेल्या वसाहती पाहिल्या की हेच दिसतं. पॅरिसपासून साठेक किलोमीटरवर फाँतेनब्लोच्या जंगलाच्या कडेला बार्बिझाँ नावाचं खेडं आहे. चित्रकार थिओडोर रूसो तिथे राहायचा, झाँ-फ्राँस्वा मिले १८४९ साली बायकापोरांसह आला आणि १८७५ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. या सगळ्यांचा अड्डा होता गान नावाच्या किराणा दुकानदाराची खाणावळ. चित्रकारांनी तिथल्या भिंती आणि कपाटं रंगवून ठेवली. आज ती खाणावळ म्हणजेच तिथलं संग्रहालय आहे. डेन्मार्कच्या उत्तर टोकाला स्कागेन नावाचं मच्छीमारांचं गाव, तिथे ब्रॉन्डम कुटुंबाची खाणावळ. फ्रान्समध्ये ब्रिटनी प्रांतातल्या पाँतावेनला मारी-झान ग्लोआनेक या बाईची खानावळ. चित्रकार पॉल गोगँ १८८६ मध्ये पहिल्यांदा आला तो तिच्याकडेच उतरला. जर्मनीत ब्रेमेनजवळ दलदलीतलं वोर्प्सवेड चित्रकारांना सापडलं तेच मुळी गावातल्या दुकानदाराच्या मुलीमुळे. फ्रिट्झ माकेनसेन या विद्यार्थ्याला तिने १८८४ साली सुट्टीत आपल्या घरी बोलावलं आणि पाच वर्षांनी तो मित्रांना घेऊन तिथे राहायलाच गेला.

वाणी, खाणावळवाली, दुकानदाराची लेक. गावात राहणारी आणि बाहेरच्यांशी व्यवहार असणारी ही माणसं उधारी ठेवायची, बोलणी खायची आणि दोन्हीकडची भाषा एकमेकांना समजावून सांगायची. म्हणून मी कोणालाही पहिला सल्ला हाच देते की जागा नंतर बघा, आधी चूल शोधा. तुमची जागा आधी झाली आहे, हरकत नाही. चूल अजून शोधता येईल. ती सरपंचाच्या किंवा गावातल्या सगळ्यात मोठ्या वाड्यातली नको, एवढंच पाहा. तिथे जेवलात की निम्मं गाव तुम्हाला त्या पार्टीचे समजेल, आणि ग्रामपंचायतीची निवडणूक आली की तुमचे ब्रशसुद्धा त्या भांडणात जातील.

स्कागेनची गोष्ट जरा थांबून सांगते. खाणावळवाल्या ब्रॉन्डमची मुलगी ॲना १८५९ ची. लहानपणापासून घरात चित्रकार जेवायला बसलेले पाहत आली. कोपनहेगनच्या अकादमीत तेव्हा मुलींना प्रवेश नव्हता, म्हणून खाजगी वर्गात शिकली. बाहेरून आलेल्या मिखाएल आंकर या चित्रकाराशी १८८० मध्ये तिचं लग्न झालं. स्कागेनच्या नावाजलेल्या चित्रकारांत त्या गावात जन्मलेली ती एकटी. बाहेरून आलेले पुरुष वादळ, होड्या, दाढीवाले कोळी असं रंगवत राहिले. ॲनाने स्वयंपाकघर रंगवलं. खिडकीतून आलेलं ऊन, पाठमोरी मोलकरीण, शिवत बसलेल्या म्हाताऱ्या. बाहेरच्याला या खोल्यांत प्रवेशच नव्हता, आणि असता तरी तिथे 'चित्र' आहे हे त्याला दिसलं नसतं. तुमच्या गावातही एखादी ॲना असेल, केटररमुळे तुमची आणि तिची गाठ पडली नाही.

त्याच गावातला लार्स क्रूसे नावाचा कोळी बुडत्या जहाजांवरची माणसं वाचवण्यासाठी प्रसिद्ध होता. मिखाएल आंकरने त्याला कितीदा तरी रंगवलं. १८९४ मध्ये तो स्वतःच समुद्रात बुडाला, आणि दोन वर्षांनी आंकरने 'बुडालेला' हे चित्र पूर्ण केलं. तोवर आंकरला त्या गावात वीसेक वर्षं झाली होती. पाच दिवसांच्या शिबिरात आलेल्या माणसाने गावातल्या मयताचं चित्र काढलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करा. कुहीला एकदा मुक्कामातच गावात तेरवी होती. आमच्यातल्या एका हुशार पोराला पांढऱ्या टोप्यांची पंगत फार आवडली आणि तो स्केचबुक काढायला लागला. मी त्याच्या हातातून पेन्सिल काढून घेतली आणि त्याला पंगतीत वाढायला लावलं. त्याला राग आला. आजही येत असेल.

आता बायांच्या फोटोंकडे येते. मॉडेलचं काम हे काम आहे, आणि गावाला कामाचा रोज कळतो, 'कलेसाठी सहकार्य' कळत नाही. आमचा नियम असा होता: अर्धा दिवस बसण्याचे पैसे निंदणाच्या अर्ध्या रोजाच्या दुप्पट, आणि ते बसणाऱ्या बाईच्याच हातात, नवऱ्याच्या नाही. दर वीस मिनिटांनी उठायचं, आणि उठल्यावर आपलं चित्र पाहायचा तिला हक्क. धानाच्या रोवणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत मॉडेल मागायचंच नाही, कारण तेव्हा तुम्ही एका बाईला नाही तर धानाच्या एका अख्ख्या बांधीचं काम थांबवता. फोटो काढायचा असेल तर तोंडाने विचारून, आणि घाटावर अजिबात नाही. स्केच चालतं, कारण स्केच काढणारा माणूस समोर बसलेला दिसतो. त्याला हटकता येतं, 'दाखव काय काढलंस ते' म्हणता येतं. मोबाइलवाला तर फोटो काढून चालता होतो. आमच्याकडे ज्याने फोटो काढले त्याला त्या म्हातारीने बायांसमोर बसवून एक एक फोटो पुसायला लावला आणि वर त्याच्याकडून दोन हंडे पाणी भरून घेतलं. बाया हसल्या, संपलं. तुम्ही सरपंचांकडे माफी मागितलीत. ज्यांचे फोटो काढले त्या बाया तिथे होत्या का?

चेहऱ्याबद्दल आणखी एक. मॉडेलला प्रदर्शनाचं आधी सांगा. 'नागपुरात लोक पाहतील, कदाचित विकलं जाईल' एवढं सांगितलं की बहुतेक जणी हो म्हणतात. पण एकदा एकीने 'माहेरचे पाहतील' म्हणून नाही म्हटलं होतं, आणि ते चित्र माझ्या घरी भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं आहे.

माझ्यासाठी सगळ्यात अवघड ठरली ती वेगळीच गोष्ट. चौथ्या की पाचव्या वर्षी एक शेतकरी माझ्या मागे येऊन उभा राहिला. मी त्याच्या गुरांच्या कोठ्याचं चित्र काढत होते. कवेलू घसरलेले, मातीची भिंत ओली, शेजारी मोडकी बंडी. जलरंगात हे फार छान उतरतं, तुम्हाला माहीत आहेच. तो म्हणाला, "मॅडम, मागच्या साली आमी स्लॅब टाकला. तुमी तिकडं पाठ करून बसता आन् या पडक्या कोठ्याचंच चित्र काढता. आमी का येवढे गरीब दिसतो जी?"

मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याचं स्लॅबचं घर रंगवायला बसले. पिस्ता रंगाच्या भिंती, गुलाबी कठडा, डिश अँटेना, दारात नवी मोटरसायकल. भर दुपारच्या उन्हात तो पिस्ता रंग पकडता पकडता घाम फुटला. चित्र सुमार झालं. तरी मी ते त्याला दिलं आणि ते आजही त्याच्या बैठकीत लावलेलं आहे, गजानन महाराजांच्या शेजारी. त्यानंतर मी मुक्कामाला येणाऱ्या प्रत्येकाला एक अट घातली: गावाला स्वतःचा अभिमान वाटतो अशी निदान एक गोष्ट रंगवायची. बाकी पडक्या भिंती खुशाल रंगवा. मिलेसुद्धा वाकलेल्या बायाच रंगवायचा. पण तो स्वतः नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याचा पोर होता, नांगरटीचं काम हाताने केलेला, आणि पुष्कळदा आठवणीवरून रंगवायचा. आपल्याला ती मोकळीक नाही, आपण रविवारी संध्याकाळी कारने परत जातो.

चित्र भेट देण्याचंही एक तंत्र आहे, आणि ते गोगँला जमलं नाही. १८८८ मध्ये त्याने प्रवचन ऐकून आलेल्या ब्रिटनीतल्या बायांचं चित्र काढलं: लाल जमीन, पांढऱ्या टोप्या, लांबवर देवदूताशी कुस्ती खेळणारा बायबलमधला याकोब. मित्रांसोबत जाऊन त्याने ते जवळच्या निझाँ गावच्या चर्चला देऊ केलं. पाद्रीबाबांनी नाकारलं, त्यांना ती थट्टा वाटली. आज ते एडिंबराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे आणि आपण सगळे पाद्रीबाबांना हसतो. मी आता हसत नाही. ज्यांची प्रार्थना रंगवली त्यांना आधी कोणी विचारलं नव्हतं, आणि तयार चित्र घेऊन दारात उभं राहणं हे विचारणं नव्हे. तुम्ही देवळाची भिंत रंगवून देतो म्हणाल तेव्हा आधी पुजाऱ्याशी, मंडळाशी बसा, कोणता देव, कोणत्या रंगात, हे त्यांना ठरवू द्या. हनुमानाला शेंदरीच रंग हवा असेल तर शेंदरीच द्या. तिथे तुमची शैली दाखवायचा हट्ट नको.

दिवसवार सांभाळणं हे तर तुम्हाला सांगायला नको. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या न्यूलिनला चित्रकारांची मोठी वसाहत होती. तिथले कोळी मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे, रविवारी जाळं टाकणं पाप मानणारे. बाहेरच्या बोटी रविवारी मासे धरून आणत म्हणून १८९६ च्या मे महिन्यात त्यांनी त्या बोटींवरचे मासे समुद्रात फेकले. शेवटी सैन्य आणावं लागलं. अशा गावात रविवारी ईझल लावून बसणाऱ्याकडे लोक कसे पाहत असतील! आपल्याकडे पोळ्याच्या दिवशी बैल सजलेले असतात, रंगांची चंगळ असते, आणि तो दिवस चित्रकाराला मोहात पाडतो. पोळ्याला जा, पण ईझल न घेता. तोरणाखाली बैल उभे असताना तुम्ही मधे बसलात तर वाट अडते आणि बैल बुजतो. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. तेव्हा पोरांचे लाकडी बैल रंगवून द्या, गाव तुम्हाला वर्षभर ओळखेल. मोहाच्या दिवसांत, मार्च-एप्रिलला, पहाटे झाडाखाली माणसं फुलं वेचत असतात आणि कोणतं झाड कोणत्या घराने वेचायचं हे ठरलेलं असतं. 'काय सुंदर झाड' म्हणत त्याखाली पथारी पसरू नका.

एका गोष्टीबद्दल मात्र कडक राहा: रंगांची धुवण. कॅडमियम, कोबाल्ट, टर्पेंटाइन यातलं काहीही तलावात किंवा जनावरांच्या टाक्यात जाता कामा नये. आमच्या एका विद्यार्थिनीने बैलांच्या टाक्यात ब्रश धुतले होते, पाणी पिवळं झालं. आम्ही ते टाकं उपसून, घासून, पुन्हा भरून दिलं, तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. आणि जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापतात आणि पेटतात. शेजारी तणसाचा ढीग असेल तर काय होईल ते सांगत नाही. झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा आणि नागपूरला परत न्या.

जागेचं थोडक्यात. जमीन शेतीची असेल आणि तुमच्यापैकी कोणी शेतकरी नसेल, तर विदर्भासाठीच्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्यात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकण्यावरच नाही, पट्ट्याने देण्यावरही बंधन आहे. आदिवासी खातेदाराची असेल तर बंधन आणखी कडक. शेड बांधलंय म्हणजे अकृषिक वापराचा प्रश्न आहेच. सातबारा घेऊन तहसीलमध्ये आणि एखाद्या वकिलाकडे जाऊन या. गावाशी उद्या बिनसलं तर पहिला अर्ज याच मुद्द्यावर पडतो.

तुमच्या पत्रात 'गावातल्या मुलांना कला शिकवून परतफेड करू' असंही आहे. शिकवा, पण गाव कलेच्या बाबतीत कोरं आहे असं समजून नको. १९३६ च्या डिसेंबरात आपल्या खानदेशात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. सजावट नंदलाल बोस यांची होती, आणि गांधीजींच्या आग्रहाने ती बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या वस्तूंतून झाली. शांतिनिकेतनचा एवढा मोठा चित्रकार गावच्या सामानाने काम करायला तयार झाला. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडे वारल्यांच्या पाड्यांवर गेले. लग्नाचा चौक तोवर सुवासिनीच लिहायच्या. कुलकर्णींनी कागद आणि रंग पुरवले, आणि त्यातून जिव्या सोमा मशे पुढे आले, ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. कुलकर्णींनी त्यांना चित्र 'शिकवलं' नाही. कागद दिला, आणि पाहत बसले. आपल्याकडे ओसरीवर पोतणं देणाऱ्या, रांगोळी काढणाऱ्या बाया आहेत, झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणारे आहेत. तुमच्या गावात असा कोणी असेल तर त्याला शिबिरात 'स्थानिक कलाकाराचा सत्कार' म्हणून शाल-नारळ देऊन परत पाठवू नका. त्याला तुमच्याच रांगेत बसवा, तेवढंच मानधन द्या.

यश मिळालं तर काय, हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. हॉलंडमध्ये व्होलेंडामला स्पांडर नावाच्या हॉटेलवाल्याने चित्रकारांना इतकं सांभाळलं की ते बिलाऐवजी चित्रं देऊन जायचे. हॉटेल भरलं चित्रांनी, मग गाव भरलं पाहुण्यांनी. आज तिथे पर्यटक पारंपरिक पोशाख भाड्याने घालून फोटो काढून घेतात. वाईट झालं असं मी म्हणणार नाही, गावाला पैसा मिळाला. पण मला असं गाव रंगवायला आवडलं नसतं. रामटेक, खिंडसी, पेंच यामुळे तुमच्या भागात रिसॉर्टवाले आधीच फिरत आहेत. तुमच्या चित्रांचे फोटो टाकताना गावाचं नाव टाकायचं की नाही, हे ग्रामसभेला विचारून ठरवा.

आता या महिन्यात काय करायचं ते. सातांपैकी दोघांनीच जायचं, त्यात एक बाई हवी. कॅमेरा नाही, बॅनर नाही, पेढे नाहीत. ज्या बायांचे फोटो काढले त्यांची घरं विचारून काढा आणि त्यांच्याच ओसरीवर बसून बोला. ज्याने फोटो काढले त्याला सोबत न्या. तो नाही म्हणाला तर त्याला शिबिरातून काढा. त्या शिव्या देतील, ऐकून घ्या. मग विचारा, पुढच्या खेपेला पंचवीस माणसांचं जेवण कोण करेल, किती घेईल, तांदूळ कोणाकडचा घ्यायचा. भावावर घासाघीस करू नका, पण हिशेब वहीत लिहून दर रात्री चुकता करा. पहिल्या दिवशी कदाचित कोणी हो म्हणणार नाही. आमच्याकडे ती म्हातारीही आधी नाहीच म्हणाली होती; म्हणाली, "तुमाले आमच्या हातचं तिखट झेपत नाही बाप्पा." मी म्हटलं, आम्ही नागपूरचे आहोत. त्यावर तिने मला आत बोलावलं आणि कोरा चहा ठेवला.